वीज बनवणारे जंतू आणि खरगपूरचं मडकं

गटाराचं पाणी साफ करायला वीज जाळावी लागते. पण तेच पाणी साफ होता होता उलट आपल्यालाच वीज देऊ लागलं तर? कोलकात्यापासून शंभर-सव्वाशे किलोमीटरवर, खरगपूरच्या आयआयटीत, हे मातीच्या मडक्यात करून दाखवण्यात आलं आहे.

फेब्रुवारी 1884. रॉबर्ट कॉख नावाचा जर्मन डॉक्टर कोलकात्यात तळ ठोकून बसला होता. आदल्या वर्षी तो कॉलऱ्याच्या मागावर इजिप्तला गेला, तिथली साथ ओसरली, तेव्हा कॉलऱ्याचं माहेर गाठावं म्हणून थेट बंगालमध्ये आला. इथं त्याला रोग्यांच्या आतड्यात आणि शहरातल्या तलावाच्या पाण्यातही एक जंतू सापडला. स्वल्पविरामासारखा किंचित वाकडा. हाच तो गुन्हेगार, असं त्यानं कोलकात्याहून बर्लिनला लिहून कळवलं आणि जगभर खळबळ उडाली.

तेव्हापासून जंतू म्हटलं की आपला हात आपोआप साबणाकडे जातो. त्यात चूक काहीच नाही. पण दही लावणारे, इडलीचं पीठ फुगवणारे, शेणाचा गॅस करणारे हेही जंतूच. त्यांच्याच गोतावळ्यातले काही जण चक्क वीज तयार करतात! अगदी खरीखुरी, तारेतून वाहणारी, मीटरवर मोजता येणारी. अशा जंतूंच्या जोरावर चालणाऱ्या घटाला इंग्रजीत 'मायक्रोबियल फ्युएल सेल' म्हणतात. आपण त्याला जंतुघट म्हणू या.

ही काही कालपरवाची गोष्ट नाही. 1911 साली, म्हणजे मोहन बागाननं अनवाणी खेळून गोऱ्या साहेबांच्या संघाकडून फुटबॉलची शील्ड हिसकावून घेतली त्याच वर्षी, इंग्लंडमधल्या डरॅम विद्यापीठाचे वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक एम. सी. पॉटर यांनी रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात एक निबंध छापला. यीस्ट आणि जंतू साखर कुजवतात तेव्हा अर्ध्या व्होल्टपर्यंत विजेचा दाब निर्माण होतो, असं त्यांनी दाखवलं होतं. कोणी फारसं लक्ष दिलं नाही. 1931 मध्ये अमेरिकेत बार्नेट कोहेन यांनी असे अनेक घट एकापुढे एक जोडून 35 व्होल्टपर्यंत मजल मारली. दाब 35 व्होल्ट, पण प्रवाह अवघा दोन मिलिअँपिअर. म्हणजे नळाला प्रेशर दांडगं, पण पाणी थेंब थेंब! पुढं 1960 च्या दशकात अंतराळवीरांच्या मलमूत्रातून वीज काढता येईल का, याचाही विचार अमेरिकेत झाला. तोवर सौर पत्रे आले आणि जंतू पुन्हा कपाटात गेले.

आता प्रश्न असा, की जंतू बिचारे वीज कशासाठी तयार करतील? त्यांना काय दिवे लावायचेत?

इलेक्ट्रॉनचं ओझं

आपण पोळी-भाजी खातो, भात खातो. त्या अन्नातून शरीर ऊर्जा काढून घेतं आणि शेवटी उरतात इलेक्ट्रॉन. ते कुणाला तरी देऊन टाकल्याशिवाय पुढचा घास पचत नाही. आपल्या बाबतीत हे गिऱ्हाईक म्हणजे ऑक्सिजन. म्हणून तर आपण श्वास घेतो. श्वास कोंडला की इलेक्ट्रॉनची उचल थांबते आणि सगळा कारखानाच बंद पडतो.

तळ्याच्या तळाशी, काळ्या चिखलात राहणाऱ्या जंतूंची पंचाईत अशी, की तिथं ऑक्सिजन पोचतच नाही. मग ते दुसरं गिऱ्हाईक शोधतात. 1987 मध्ये अमेरिकेतल्या डेरेक लव्हली यांना वॉशिंग्टनजवळच्या पोटोमॅक नदीच्या गाळात एक जंतू मिळाला, जो आपले इलेक्ट्रॉन लोखंडाच्या गंजाला देतो. त्याचं घराणं जिओबॅक्टर. आता गंज काही पाण्यात विरघळत नाही, तो जंतूच्या पोटात जात नाही. म्हणजे या जंतूला इलेक्ट्रॉन स्वतःच्या शरीराबाहेर काढून समोरच्या खड्याच्या हातात द्यावे लागतात. त्यासाठी त्याच्या अंगावर केसापेक्षा हजारो पटींनी बारीक तारा असतात. निसर्गानं वायरिंग करून ठेवलेलं आहे!

इथंच माणसाच्या डोक्यात किडा वळवळला. गंजाच्या जागी आपण कार्बनचा तुकडा ठेवला तर? जंतूला काय, गिऱ्हाईक मिळाल्याशी कारण. तो आपले इलेक्ट्रॉन त्या कार्बनला देतो. कार्बनला तार जोडलेली असते. तारेचं दुसरं टोक दुसऱ्या कार्बनच्या तुकड्याला, आणि तो तुकडा हवेत किंवा हवा खेळत्या पाण्यात. तिथं ऑक्सिजन वाट पाहत असतोच. इलेक्ट्रॉन तारेतून धावत सुटतात, आणि धावणारे इलेक्ट्रॉन म्हणजेच वीज. जंतूंनी सोडलेले हायड्रोजनचे कण मधल्या पडद्यातून झिरपत पलीकडे जातात, तिथं ऑक्सिजन आणि इलेक्ट्रॉन यांच्याशी त्यांची गाठ पडते आणि तयार होतं पाणी. धूर नाही, आवाज नाही. मुळात घाण खाऊन टाकणं हे त्या जंतूचं रोजचं जेवण, वीज ही त्याची ढेकर.

1990 च्या दशकाच्या अखेरीपर्यंत अशा घटात इलेक्ट्रॉनची ने-आण करायला बाहेरून रसायनं घालावी लागत. काही रसायनं विषारी. 1999 च्या सुमारास कोरियातल्या ब्युंग हाँग किम यांच्या गटानं दाखवून दिलं, की योग्य जंतू असतील तर या दलालाची गरजच नाही. 2004 मध्ये अमेरिकेत पेनसिल्व्हेनियाच्या ब्रूस लोगन यांच्या प्रयोगशाळेनं घरगुती सांडपाणी घटात घातलं. पाणीही साफ झालं, वीजही मिळाली. मग मात्र जगभर धावाधाव सुरू झाली. भारतात हैदराबादच्या रासायनिक तंत्रज्ञान संस्थेत एस. वेंकट मोहन यांनी हे काम हाती घेतलं. त्यांना 2014 चा शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार मिळाला. पुढं तेच आपल्या नागपूरच्या 'नीरी'चे संचालक झाले. आणि दुसरा मोठा गट उभा राहिला खरगपूरला.

पडदा हजार डॉलरचा, मडकं काही रुपयांचं

खरगपूर म्हणजे रेल्वेचं गाव. हावड्याहून दक्षिणेकडे निघालेल्या गाड्या इथं थांबतात, म्हणून अनेकांना ते तिथल्या लांबलचक फलाटासाठीच माहीत. देशातली पहिली आयआयटी इथलीच, 1951 ची. तिच्या स्थापत्य विभागात प्रा. मकरंद घांगरेकर यांच्या हाताखाली जंतुघटावर काम सुरू झालं. आडनाव वाचून मराठी वाचकांचे कान टवकारले असतील! 2007 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या एका निबंधावर जोडीला नाव आहे शिंदे. नंतरच्या निबंधांवर मोरे आहेत, घाडगे आहेत. बेहेरा आणि जाना तर आहेतच. बंगालच्या लाल मातीत मराठी आणि ओडिया नावं अशी शेजारी शेजारी छापलेली पाहून बरं वाटतं.

स्थापत्य विभाग, म्हणजे पूल आणि इमारती बांधणारे. ते जंतूंच्या मागे कसे लागले? कारण शहराचं सांडपाणी हा शेवटी त्यांच्याच खात्याचा विषय. त्यामुळे या गटाचा पहिला प्रश्न 'वीज किती?' हा नव्हता. पाणी किती साफ होतं, आणि खर्च किती, हा होता. आमच्या मते इथंच ते अनेक परदेशी प्रयोगशाळांपेक्षा वेगळे ठरले.

खर्चाचं भूत होतं मधल्या पडद्यात. दोन्ही बाजूंचं पाणी एकमेकांत मिसळू द्यायचं नाही, हवा आत येऊ द्यायची नाही, पण हायड्रोजनचे कण मात्र जाऊ द्यायचे. अशी कामं करणारा नेफियन नावाचा परदेशी पडदा मिळतो. त्याची किंमत चौरस मीटरला हजार डॉलरच्या वर. गटाराच्या पाण्यासाठी हा नखरा परवडायचा कुणाला?

खरगपूरकरांनी पडदा बाजूला ठेवला आणि मडकं घेतलं. साधं, कुंभाराच्या चाकावरचं, भाजलेलं मातीचं मडकं. उन्हाळ्यात माठातलं पाणी गार का होतं? त्याच्या अंगातून पाणी झिरपतं म्हणून. जे माठातून झिरपू शकतं, ते घटातूनही झिरपेल. मडक्याच्या आत सांडपाणी, जंतू आणि कार्बन. बाहेर दुसरा कार्बन आणि हवा लागलेलं पाणी. मधली मातीची भिंत हाच पडदा.

त्यांनी या मडक्याची आणि महागड्या पडद्याची चक्क शर्यत लावली. निकाल 2010 मध्ये छापून आला. पाणी घेतलं होतं भातगिरणीचं. आपल्या कोकणात, गोव्यात उकडा तांदूळ खातात, बंगालमध्ये तर घरोघरी. तो करताना भात भिजवून वाफवतात आणि गिरणीतून आंबूस, तपकिरी, वास मारणारं पाणी बाहेर पडतं. त्यात लिग्निन आणि फिनॉल असतात, जे सहजासहजी कुजत नाहीत. या पाण्यातली आम्लता कमी करून ते दोन्ही घटांत सोडलं. पडद्याच्या घटानं 92.6 टक्के घाण काढली. मडक्यानं 96.5 टक्के! वीज तर आणखी मजेशीर. पडद्याच्या घटातून घनमीटरमागे अर्ध्या वॅटच्या आसपास, 0.53. मडक्यातून 2.3 वॅट. चौपटीहून जास्त. काही रुपयांच्या मडक्यानं हजार डॉलरच्या पडद्याला धोबीपछाड दिली.

पुढं माती कोणती, भिंत किती जाड, भाजायची किती, यावर काम झालं. मातीत 20 टक्के माँटमोरिलोनाइट नावाचं चिकणमातीतलंच एक खनिज मिसळलं की घट आणखी जोरात चालतो, असं 2015 मध्ये दिसून आलं. त्याच वर्षी 26 लिटरचा घट झाला. 2020 मध्ये एनटीपीसीच्या संशोधकांबरोबर 720 लिटरच्या, अनेक घट एकत्र बांधलेल्या संचाचा अहवाल आला. त्यात संडासाचं पाणी साफ केलं होतं. 'बायोइलेक्ट्रिक टॉयलेट' असं त्याचं नाव पडलं.

मग घराघरात केव्हा?

इथं जरा थांबू या. वर्तमानपत्रांत 'आता गटारातून वीज!' अशा मथळ्यांच्या बातम्या अधूनमधून येतात. वाचणाऱ्याला वाटतं, उद्यापासून विजेचं बिल बंद. तर गणित करून पाहा. घनमीटरला 2.3 वॅट, आणि आपल्या घरातला एलईडी दिवा 9 वॅटचा. म्हणजे एक दिवा पेटवायला सुमारे चार घनमीटर, चार हजार लिटर सांडपाण्याचा घट हवा. गच्चीवरच्या हजार लिटरच्या काळ्या टाक्या डोळ्यांसमोर आणा. अशा चार टाक्या, एका दिव्यासाठी! पंखा, फ्रिज, इस्त्री यांचं तर नावच काढायला नको. शिवाय प्रयोगशाळेतल्या लहान भांड्यात मिळालेला आकडा मोठ्या टाकीत टिकत नाही, तो घसरतो.

कोलकात्याला विजेचं अप्रूप जुनं. 1879 च्या जुलैत इथं विजेच्या दिव्याचं जाहीर प्रात्यक्षिक झालं होतं आणि 1899 मध्ये इमामबाग लेनमधलं वीजघर सुरू झालं. त्या वीजघरांची जागा जंतू घेतील, असं कुणी सांगत असेल तर त्यानं आधी वरचं गणित करावं.

मग एवढा खटाटोप कशासाठी? हिशेब उलट्या बाजूनं मांडला की उत्तर सापडतं. मोठ्या इमारतीच्या सोसायटीत राहणाऱ्यांनी आपल्या सेक्रेटरींना विचारावं, एसटीपी प्लँटचं विजेचं बिल किती येतं? सांडपाणी साफ करणाऱ्या नेहमीच्या यंत्रणेत जंतूंना ऑक्सिजन मिळावा म्हणून पंपानं सतत हवा फुंकावी लागते. निम्मी वीज तिथंच जाते. एक हजार लिटर पाण्यामागे साधारण पाव ते अर्धा युनिट किंवा थोडं जास्तच. बिल वाढलं की पहिला बंद पडतो तो हा पंप, आणि पाणी जातं थेट नाल्यात. गावोगावच्या नगरपालिकांचीही तीच कथा. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं 2021 मध्ये दिलेल्या आकड्यांनुसार देशातल्या शहरांत रोज सुमारे 72,368 दशलक्ष लिटर सांडपाणी तयार होतं. प्रत्यक्षात साफ होत होतं त्यातलं 20,236 दशलक्ष लिटर. बाकीचं कुठं गेलं हे गंगा, मुठा आणि मिठी यांना विचारा.

जंतुघटात हवा फुंकण्याचा पंप नाही. गाळ कमी निघतो, म्हणजे तो उपसण्याचा आणि वाहून नेण्याचा खर्च कमी. आणि वर थोडी वीज. ती विकायची नसते. त्यातून संडासातला दिवा लागला, एखादं मीटर चाललं तरी पुष्कळ. खरी कमाई म्हणजे न जाळलेली वीज. सांडपाण्यात ऊर्जेचा तुटवडा नाहीच मुळी. टोरांटोच्या सांडपाण्यावर 2004 मध्ये झालेल्या अभ्यासात आढळलं, की ते साफ करायला जेवढी ऊर्जा खर्च होते त्याच्या नऊ पटींहून जास्त त्या पाण्यातच दडलेली असते. आपण नऊ रुपये गटारात फेकून वर एक रुपया फेकणावळ देतो.

गोबरगॅसही हेच करतो ना, असं कुणी विचारेल. बरोबर आहे. दाट शेणकाल्याला गोबरगॅसच बरा, त्यात वाद नाही. पण शहरातलं सांडपाणी पातळ असतं, त्यातून गॅस जेमतेम निघतो आणि बराचसा पाण्यातच विरघळून वाहून जातो. अशा पातळ पाण्यात जंतुघटाला वाव आहे.

मोठा नको, छोटाच बरा

या घटाचा एक स्वभाव समजून घ्यायला हवा. आकार वाढवला की तो आळशी होतो. कारण वीज देतात ते फक्त कार्बनला चिकटलेले जंतू. टाकीच्या मध्यभागी तरंगणाऱ्यांचा काही उपयोग नाही. त्यामुळे एक रांजण करण्यापेक्षा शंभर बोळकी करून जोडणं फायद्याचं. मधमाश्यांनी हे फार पूर्वीच ओळखलंय; त्या एक मोठं भांडं न बांधता हजार लहान खण बांधतात.

ब्रिस्टॉलच्या योआनिस येरोपुलोस यांनी हीच वाट धरली. 2013 मध्ये त्यांच्या गटानं लघवीवर चालणाऱ्या छोट्या घटांच्या संचावर मोबाइल फोन चार्ज करून दाखवला, तेव्हा जगभरच्या वर्तमानपत्रांनी चेष्टाही केली आणि पहिल्या पानावर छापलंही. त्यांच्या घटांतही भाजलेल्या मातीच्या नळ्या आहेत, हे मुद्दाम सांगायला हवं. 2015 मध्ये ऑक्सफॅम संस्थेच्या मदतीनं त्यांनी विद्यापीठाच्या आवारात मुतारी उभारली, तिथल्या लघवीवर तिथलाच दिवा. कल्पना होती निर्वासितांच्या छावण्यांसाठी. रात्री अंधारात संडासला जाणं ही तिथल्या बायकामुलींसाठी जिवावरची गोष्ट असते. 2017 मध्ये युगांडातल्या किसोरो इथल्या मुलींच्या शाळेत असे दिवे लागले. दोन-तीन वॅटची थट्टा करणाऱ्यांनी या मुलींना विचारावं की उजेड कमी पडतो का.

त्याहून चिमुकले घट तर बोटावर मावतील असे. अमेरिकेत बिंगहॅम्टनच्या सोखून चोई यांनी 2015 मध्ये कागदाच्या घड्या घालून घट बनवला. गढूळ पाण्याचा एक थेंब टाका, त्यातल्या जंतूंवर काही मायक्रोवॅट वीज मिळते. मायक्रोवॅट म्हणजे वॅटचा दहा लाखावा भाग. दुर्गम भागात तपासणीची पट्टी चालवायला तेवढी पुरते. हैदराबादेत बिट्स पिलानीच्या संकुलात संकेत गोयल यांचा गटही अशाच सूक्ष्म घटांवर काम करतो.

छोट्या घटांची साखळी जोडण्यातली अडचणही सांगून टाकू. एकापुढे एक जोडलेल्या घटांपैकी एकाला खाणं कमी पडलं, की तो वीज देण्याऐवजी उलटा फिरतो आणि बाकीच्यांची कमाई खातो. एकत्र कुटुंबाचा अनुभव असलेल्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको! शिवाय मातीची छिद्रं काही काळानं क्षारांनी आणि शेवाळानं बुजतात. मग मडकं घासावं किंवा बदलावं लागतं. या दोन गोष्टींवर उत्तर पक्कं झालं नाही, म्हणून हे घट अजून बाजारात दिसत नाहीत. हे लिहायला आम्हाला आवडत नाही, पण वस्तुस्थिती तशी आहे.

संक्रांतीच्या सुगडात वीज

घरात आठवी-नववीतलं मूल असेल आणि शाळेच्या विज्ञान प्रदर्शनाची चिंता असेल, तर हा प्रयोग करून पाहायला हरकत नाही. कोलकात्यात चहाचं मातीचं भाँड सहज मिळेल. आपल्याकडे संक्रांतीचं सुगड घ्यावं. रंगवलेलं नको, कोरं हवं. त्यात तळ्याकाठचा किंवा बागेतल्या डबक्याचा काळा चिखल भरायचा, चमचाभर भाताची पेज घालायची. चिखलात कार्बनची कांडी किंवा ग्रॅफाइटचा जाड तुकडा पूर्ण गाडायचा, तार वर काढायची. तोंडावर झाकणी सैल ठेवायची. घट्ट बंद करू नये, आत वायू धरतो. हे सुगड प्लॅस्टिकच्या मोठ्या वाडग्यात ठेवून वाडग्यात किंचित मिठाचं पाणी घालायचं आणि त्यात दुसरी कांडी अर्धी बुडेल, अर्धी हवेत राहील अशी उभी करायची. दोन्ही तारा मल्टिमीटरला.

पहिल्या दिवशी काटा जेमतेम हलेल. हिरमुसू नका. जंतूंना कार्बनवर घर करायला आठवडा-दोन आठवडे लागतात. मग तीनचारशे मिलिव्होल्टपर्यंत आकडा चढतो. रोजचा आकडा वहीत लिहून आलेख काढला तर परीक्षकही खूश. असे तीन-चार घट एकापुढे एक जोडले, तर काट्याचं नव्हे, आकडे दाखवणारं छोटं घड्याळ चालू शकतं. मात्र प्रत्येक सुगडाचा वाडगा वेगळा हवा. सगळी एकाच परातीत ठेवली तर वीज आतल्या आतच जिरते.

एक सावधगिरी. कार्बनऐवजी तांब्याची तार आणि जस्ताची पट्टी वापरली तर मीटर लगेच उडी मारेल, पण ती जंतूंची वीज नव्हे. ती धातूंची, लिंबात खिळा खुपसल्यावर मिळते तीच. कित्येक प्रदर्शनांत ही गफलत खपून जाते. खात्री करायची असेल तर दुसऱ्या सुगडात तोच चिखल चांगला उकळून, गार करून भरा. दोन्हींचे आकडे शेजारी शेजारी लिहिले, की वीज कुणाची ते कळेल. गटाराचा चिखल मुलांना हाताळू देऊ नये, आणि कोणताही चिखल हाताळल्यावर हात साबणानं धुवावेत. कॉखसाहेबांचं तेवढं ऐकायलाच हवं.

भेरीतलं पाणी

कोलकाता शहराच्या पूर्वेला एक अजब जागा आहे. शहराच्या मुख्य भागाचं बरंचसं सांडपाणी कालव्यांतून तिकडं जातं आणि उथळ तळ्यांत सोडलं जातं. या तळ्यांना तिकडं भेरी म्हणतात. ऊन, शेवाळ आणि जंतू मिळून ते पाणी साफ करतात, त्यावर रोहू-कटला वाढतात, उरलेलं पाणी भाताला आणि भाजीला जातं. पंप नाही, यंत्र नाही. ध्रुवज्योती घोष नावाचे सरकारी अभियंते 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला या सांडपाण्याचा माग काढत इथं पोचले आणि शहर ज्याला दलदल समजत होतं ती किती मोलाची आहे हे त्यांनी जगाला सांगितलं. 1992 मध्ये कोलकाता उच्च न्यायालयानं इथल्या बांधकामांना आळा घातला. 2002 मध्ये या 12,500 हेक्टरना रामसर यादीत जागा मिळाली. घोष 2018 मध्ये वारले. बिल्डरांचा डोळा मात्र अजून या जमिनीवरून हटलेला नाही.

या भेरींवर वीजनिर्मिती करावी, असं आम्ही मुळीच म्हणणार नाही. जे फुकट आणि नीट चाललंय त्यात बोट घालू नये. पण जंतुघटाचा एक उपयोग इथं चपखल बसेल असं वाटतं. पाण्यात घाण जितकी जास्त, तितकी घटातली वीज जास्त. म्हणजे हा घट पाण्याची नाडी सांगतो. नेहमीच्या पद्धतीनं पाण्यातली ही घाण मोजायची तर नमुना प्रयोगशाळेत पाठवून पाच दिवस थांबावं लागतं. कोरियातल्या किम यांच्या गटानं जंतुघट वापरून हे काम कितीतरी लवकर करून दाखवलं. अमेरिकेच्या नौदल प्रयोगशाळेनं तर 2008 मध्ये पाण्याच्या तळाशी पुरलेल्या अशाच घटावर हवामान मोजणारा तरंगता बोया चालवला. बॅटरी बदलायचा प्रश्नच नाही, जेवण तळाच्या गाळात आयतंच वाढलेलं.

भेरीवाला आज पाण्याचा रंग पाहून, वास घेऊन ठरवतो की कालव्याची झडप किती उघडायची. पिढ्यान्पिढ्यांचा अंदाज असतो, सहसा चुकत नाही. पण पावसाळी ढगाळ हवेत शेवाळाला ऊन मिळत नाही, अशा वेळी सांडपाणी जरा जास्त आत आलं तर रात्रीत पाण्यातला ऑक्सिजन संपतो आणि पहाटे मासे पृष्ठभागावर येऊन तोंडं उघडझाप करू लागतात. तोवर फार उशीर झालेला असतो. झडपेपाशी चिखलात पुरलेलं एक मडकं, त्यावर एक छोटा मीटर, आणि संध्याकाळीच त्याचा चढलेला आकडा पाहून झडप दोन बोटं खाली घेणारा भेरीवाला. एवढं जमायला चार हजार लिटरची टाकी लागत नाही.